शहापुरातलं साडीचं दुकान आणि त्याची चार डोमेन नावं

पहिली तक्रार म्हापशाहून आली. एका बाईंनी वेबसाइटवर दोन साड्या निवडल्या, ‘पैसे भरा’ दाबलं आणि कार्ट रिकामं. पुन्हा निवडल्या, पुन्हा रिकामं. शेवटी त्यांनी दुकानात फोन लावला. काउंटरवरच्या मुलीनं आपल्या मोबाइलवर तसंच करून पाहिलं, तर तिथं सगळं सुरळीत. ‘तुमच्या नेटचा प्रॉब्लेम असेल’ असं सांगून तिनं फोन ठेवला. पुढच्या पंधरवड्यात गडहिंग्लजहून, खानापुराहून असेच फोन येत राहिले, पण प्रत्येकाचं रडगाणं वेगळं. एकाला अक्षरं मुंगीएवढी दिसत होती, एकाला लाल रंगाची धोक्याची सूचना येत होती, तर एकाला साड्यांऐवजी भलत्याच जाहिराती दिसत होत्या.

दुकान बेळगावच्या शहापूर भागातलं, माग वडगावात. तीन पिढ्यांचा धंदा. गिऱ्हाईक गावातलं कमी आणि बाहेरचं जास्त: गोवा, चंदगड, आजरा, खानापूर. लग्नाचा बस्ता बांधायला माणसं गाडी करून इथं येतात, आणि एकदा आलेली पुढची साडी घरबसल्या मागवतात. म्हणूनच वेबसाइट. ती वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर, विक्रीसाठी त्याला जोडलेलं वूकॉमर्स, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) साधं शेअर्ड. साइट बघतात घरातल्या धाकट्या सूनबाई, ज्यांना सगळं दुकान वहिनी म्हणतं. बिलं आणि बँक काकांकडे. मी त्यांच्याकडे गेलो तो या तक्रारी निस्तरायला. ओळख पटू नये म्हणून दुकानाचं नाव आणि डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या नावाची, नेमकी अक्षरं इथं देत नाही.

चार नावं कशी झाली

पहिलं नाव जुन्या स्पेलिंगचं, म्हणजे इंग्रजीत ‘बेलगाम’ असं वाचलं जाणारं, शेवटी डॉट कॉम. साइट पहिल्यांदा झाली तेव्हाचं. मग १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या बारा शहरांची इंग्रजी नावं सरकारनं बदलली, त्यात बेळगावचं ‘बेळगावी’ झालं. जीएसटीच्या कागदावर, कुरिअरच्या पावतीवर नवं स्पेलिंग आलं. रेल्वेच्या स्टेशनचा कोड मात्र अजून बीजीएमच आहे. काकांच्या थोरल्या मुलानं नव्या स्पेलिंगचं डॉट इन घेऊन टाकलं. हे दुसरं. तेव्हा साइट बघणारा जो डिझायनर होता, त्यानं ‘कॉम पण घेऊन ठेवूया, दुसऱ्यानं घेतलं तर’ म्हणून नव्या स्पेलिंगचं डॉट कॉम घेतलं. हे तिसरं. चौथं वहिनींचं: देवनागरीत लिहिलेलं, शेवटी ‘.भारत’. देवनागरीतलं ‘.भारत’ २०१४ पासून मिळतं, आणि ज्या ‘निक्सी’ संस्थेकडे डॉट इनचा कारभार आहे तिच्याकडेच त्याचाही आहे.

चारही नावांचे पैसे वर्षानुवर्षं भरले जात होते. पण चार नावांचं एकत्र काय होतं, हे कुणी एका जागी बसून पाहिलं नव्हतं. ते बघायची वेळ पाटीमुळे आली. २०२४ मध्ये कायदा दुरुस्त होऊन दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या बाजूला, अशी सक्ती आली. पाटी नव्यानं रंगवायची तर खाली वेबसाइटचं नाव कुठलं घालायचं? थोरल्यानं डॉट इन सांगितलं, पेंटरनं ते घातलं. तोवर त्या नावानं फारसं कुणी येत नव्हतं, आता येऊ लागलं. पाटीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, पुढे साडीच्या बॉक्सवरही तेच छापलं गेलं. तक्रारींची सुरुवात इथून आहे.

चार नावं, चार तऱ्हा

तपासताना प्रत्येक नाव वेगळ्याच पद्धतीनं जोडलेलं निघालं. पहिलं, मूळचं, नीट होतं.

दुसरं, पाटीवरचं, होस्टिंगमध्ये ‘एलियस’ म्हणून जोडलेलं. त्याचा अर्थ, त्या नावानं आलं की तीच साइट त्याच नावानं उघडते, पत्ता बदलत नाही. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्येही कुणीतरी ‘जे नाव येईल ते चालवून घे’ अशी ओळ टाकून ठेवली होती. वरवर पाहता छान. पण थीममधली (साइटच्या तयार साच्यातली) काही बटणं पूर्ण पत्ता लिहून केलेली होती, आणि ‘पैसे भरा’ हे त्यातलंच एक. म्हणजे गिऱ्हाईक डॉट इनवर साड्या निवडतं आणि बटण दाबताच जुन्या डॉट कॉमवर पोचतं. कार्टची आठवण ब्राउझर कुकीत ठेवतो आणि कुकी ज्या नावाची असते त्याच नावाला परत दिली जाते. एका नावाखाली भरलेलं कार्ट दुसऱ्या नावाला दिसतच नाही. म्हापशाच्या बाईंच्या नेटचा काही दोष नव्हता. काउंटरवरची मुलगी सवयीनं जुनं नाव टाकत होती, म्हणून तिला कधी अडचण आली नाही.

यातच दुसरं नुकसान लपलेलं होतं. गुगलच्या लेखी एकाच मजकुराच्या दोन साइट झाल्या होत्या. एकाच साडीचं पान काही शोधांत जुन्या नावानं वर येई, काही शोधांत नव्या. यासाठी गुगल ‘शिक्षा’ करतं असं म्हणतात, ते काही खरं नाही. ते दोनातलं एक पान आपल्या मनानं निवडतं. पण ती निवड आपल्या हातात राहत नाही, आणि बाहेरून आलेल्या लिंकांचं वजन विभागलं जातं.

तिसऱ्या नावाला रजिस्ट्रारकडचं, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीकडचं, फॉरवर्डिंग लावलेलं होतं, ‘मास्किंग’सह. हा प्रकार मला मनापासून नावडतो. यात रजिस्ट्रारचा सर्व्हर एक कोरं पान देतो, त्या पानात चौकट असते आणि चौकटीत खरी साइट. वर पत्ता तिसऱ्या नावाचाच राहतो, म्हणून मालकाला वाटतं, वा, काय झकास. पण मोबाइलसाठी रुंदी सांगणारी ओळ बाहेरच्या कोऱ्या पानात नसते, त्यामुळे फोन ते मोठ्या पडद्याचं पान समजून आक्रसून दाखवतो. मुंगीएवढी अक्षरं यामुळे. कुठल्याही साडीवर जा, वरचा पत्ता तोच, त्यामुळे ‘ही साडी बघ’ म्हणून लिंक पाठवली तर समोरच्याला पहिलं पानच दिसतं. शिवाय पैसे घेणारी पानं सुरक्षेसाठी दुसऱ्याच्या चौकटीत उघडायला नकार देतात, आणि ते योग्यच आहे. लाल सूचनाही याच नावाची: त्या फॉरवर्डिंगला सर्टिफिकेट (सुरक्षित जोडणीसाठी लागणारा नावाचा दाखला) नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला एचटीटीपीएस असलेली, म्हणजे सुरक्षित जोडणीची, लिंक दाबली की ब्राउझर आधी धोका दाखवी.

चौथ्याची गंमत अशी की वहिनींना दुकानातल्या वायफायवर होस्टिंग कंपनीचं कोरं स्वागताचं पान दिसे, आणि थोरल्याला जिओच्या डेटावर जाहिरातींचं पान. नाव एकच, वेळ एकच. ‘तू काहीतरी चुकीचं टाइप केलंस’ यावरून दीर-भावजयीत बरीच जुंपली होती. दोघंही बरोबर होते, ते कसं ते पुढे येतंच.

डीएनएसमध्ये आकडा भरला म्हणजे झालं?

काकांचा प्रश्न रोखठोक होता: “पैसे आपण भरतोय की चारीचे, मग एक चालतंय आणि तीन का नाही?”

नाव विकत घेणं आणि नाव साइटला लागणं यांच्यामध्ये तीन वेगवेगळ्या जागा आहेत, आणि बहुतेक घोटाळे पहिल्या जागेवरच थांबल्यानं होतात. पहिली जागा डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हर कुठे आहे ते सांगणारी इंटरनेटची नोंदवही. तिथल्या ए रेकॉर्डमध्ये सर्व्हरचा आयपी क्रमांक भरायचा. दुसरी जागा सर्व्हर. शेअर्ड होस्टिंगवर एकाच आयपीमागे शेकडो साइट राहतात. एखाद्या वाड्यात पुष्कळ बिऱ्हाडं असावीत तसं: पोस्टमन दिंडीदरवाजापर्यंत बरोबर आला, पण आत त्या नावाचं बिऱ्हाडच नोंदलेलं नसेल तर पत्र चौकातच पडून राहणार. ब्राउझर आपल्या मागणीत नाव सांगतो, सर्व्हर ते आपल्या यादीत शोधतो, सापडलं नाही की आपलं ठरीव कोरं पान दाखवतो. वहिनींना दिसलेलं स्वागताचं पान ते हेच. तिसरी जागा सर्टिफिकेट. आणि इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. रिडायरेक्टचा, म्हणजे ‘त्या दुसऱ्या पत्त्यावर जा’ असा, निरोप मिळायच्या आधी सुरक्षित जोडणी व्हावी लागते. त्यामुळे जे नाव नुसतं पुढे ढकलण्यापुरतं आहे, त्यालाही स्वतःचं सर्टिफिकेट लागतंच. ‘ते काय, फक्त फॉरवर्डच तर होतंय’ म्हणून ते टाळलं जातं आणि मग लाल पान येतं.

मुख्य नाव कुठलं

तांत्रिक काम एका दुपारचं. त्याआधीची चर्चा मात्र चांगलीच लांबली.

चार नावं ठेवायला माझी हरकत नव्हती. पण चारही नावांनी साइट उघडी ठेवायची नाही, एकच खरं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठवायचं, एवढं पक्कं होतं. ते एक कुठलं? थोरल्याचं म्हणणं, सरकारी स्पेलिंग हेच पुढचं, पाटीवर तेच आहे, तर तेच मुख्य करा. वहिनींचं म्हणणं, जुन्या गिऱ्हाइकाच्या तोंडी जुनं नाव आहे. काका म्हणाले, “पाटीवर जुनं स्पेलिंग नको, बाकी तुम्ही ठरवा.” पाटीवरच्या अक्षरांवरून इथं काय काय होतं ते बेळगावकराला सांगायला नको, आणि काकांना दुकान चालवायचं आहे.

मी जुन्याच्या बाजूनं बोललो, आणि त्यामागे गावाच्या नावाचा काही संबंध नव्हता. बाहेरच्या साइटवरच्या लिंका, गुगल नकाशावरची नोंद, जुनी बिलं, सगळं पहिल्या नावाकडे बोट दाखवतं. मुख्य नाव बदलणं म्हणजे साइटचं स्थलांतर. ते करता येतं, गुगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनात त्यासाठी वेगळी सोयही आहे. पण त्यानंतर जुन्यावरून नव्याकडचे रिडायरेक्ट निदान वर्षभर तरी ठेवा असं गुगल स्वतःच सांगतं, आणि मधल्या काळात शोधातली जागा वरखाली होते. बस्त्याचा हंगाम तोंडावर असताना हे कशाला? आणि डोमेनमध्ये शहराचं स्पेलिंग असलं म्हणून शोधात वर येतो, हा समज जुना झाला. सर्च कन्सोलमध्ये पाहिलं तर लोक दोन्ही स्पेलिंगनं शोधत होते आणि दोन्हींनी पहिल्याच नावाची पानं सापडत होती.

तोडगा सगळ्यांना पटला तो असा: पाटीवर, बॉक्सवर डॉट इनच राहू दे. माणूस ते टाइप करील आणि जुन्या नावावर जाऊन पोचेल. वहिनींनी एक रास्त शंका काढली. एक नाव टाकलं आणि वर दुसरंच दिसलं तर गिऱ्हाइकाला फसवणूक वाटणार नाही का? हल्ली लोक अशा बाबतीत सावध असतात, असायलाच हवं. म्हणून साइटच्या तळाला पत्त्याच्या खाली ‘ही दोन्ही नावं आमचीच’ अशी एक ओळ घातली आणि बॉक्सवर पुढच्या छपाईपासून दोन्ही नावं घ्यायचं ठरलं.

प्रत्यक्ष काम

आधी चारही नावांचा टीटीएल (डीएनएसची नोंद इतरांनी किती वेळ जपून ठेवायची तो काळ) कमी केला, म्हणजे बदल लवकर पसरतील आणि काही बिघडलं तर लवकर मागे घेता येईल. तिसऱ्या नावाचं मास्किंग बंद. दुसरं, तिसरं, चौथं ही तिन्ही नावं ए रेकॉर्डनं त्याच होस्टिंगवर आणली आणि तिथं एलियस म्हणून नोंदवली. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेल्या रूपाला सीनेम (आयपीऐवजी दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) चालतं, पण त्याशिवायच्या उघड्या नावाला सीनेम देता येत नाही, कारण तिथं नेमसर्व्हरच्या (त्या नावाची नोंदवही सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) नोंदी असतात आणि सीनेम शेजारी दुसरी नोंद खपवून घेत नाही. काही डीएनएस कंपन्या यावर आपापली युक्ती देतात. इथं त्याची गरज पडली नाही.

मग सर्टिफिकेट. चार नावं, प्रत्येकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि शिवाय, अशी आठ रूपं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, ९० दिवस चालतं, आपोआप नवं होतं, आणि एकात शंभर नावं बसतात. आठांपैकी सहा झटक्यात झाली. देवनागरी नावाची दोन अडली. पडताळणीसाठी त्यांचा सर्व्हर आपल्या साइटवर एक छोटी फाइल शोधतो, ती त्याला सापडेना. माझ्या ब्राउझरवर तर दिसत होती.

चौथ्या नावाच्या सगळ्या नोंदी पुन्हा काढल्या तेव्हा उलगडा झाला. ए रेकॉर्ड आपलं होतं, पण त्याच्या शेजारी चार ‘ए’वालं, म्हणजे आयपीव्ही६ या आयपी क्रमांकाच्या नव्या पद्धतीचं रेकॉर्ड रजिस्ट्रारनं नाव विकताना घातलं होतं ते तसंच पडून होतं, आणि ते जात होतं रजिस्ट्रारच्या जाहिरातींच्या पानाकडे. दुकानातल्या वायफायला आयपीव्ही६ नव्हतं, त्यामुळे वहिनी ए रेकॉर्डनं होस्टिंगवर जात. जिओच्या नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास चालतं, त्यामुळे थोरल्याचा फोन जाहिरातींवर. लेट्स एन्क्रिप्टही आयपीव्ही६ असलं की आधी तिकडेच जातं, म्हणून फाइल सापडेना. ती नोंद काढून टाकली, तासाभरानं सर्टिफिकेट मिळालं आणि दीर-भावजयीचं भांडण मिटलं. तपासणी एकाच नेटवर उरकू नये ती याचसाठी. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एकदा पाहायला किती वेळ लागतो?

शेवटी रिडायरेक्ट. होस्टिंगवरच्या एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरचे नियम असलेल्या फाइलमध्ये एक नियम: नाव मुख्य नसेल किंवा जोडणी सुरक्षित नसेल, तर ३०१ हा संकेत देऊन मुख्य नावाच्या सुरक्षित पत्त्यावर पाठव, आणि पुढचा मार्ग जसाच्या तसा ठेव. मार्ग ठेवणं महत्त्वाचं. पुष्कळ ठिकाणी सगळ्यांना मुख्य पानावर आणून सोडतात, मग एखाद्या साडीची लिंक दाबणाऱ्यानं ती साडी पुन्हा शोधत बसायचं. वर्डप्रेसच्या कॉन्फिगमधली ती ‘येईल ते चालवून घे’ ओळ काढली आणि थीममधली बटणं दुरुस्त केली.

३०१ म्हणजे कायमचं, ३०२ म्हणजे तात्पुरतं. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवून बसतो, त्यामुळे नियमात चूक राहिली तर दुरुस्तीनंतरही लोकांच्या फोनवर ती रेंगाळते. म्हणून पहिला दिवस ३०२ वर काढला आणि सगळं तपासल्यावर ३०१ केलं. तपासायचे पत्ते सोळा: चार नावं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं नसलेलं, सुरक्षित असुरक्षित. त्यातल्या पंधरांनी एकाच उडीत सोळाव्यावर यायला हवं. दोन जुने नियम होस्टिंगच्या पॅनेलमध्येही निघाले, त्यामुळे एक पत्ता तीन उड्या मारून पोचत होता. ते काढले.

ईमेल आणि मालकी

वेबचा रिडायरेक्ट ईमेलला लागू होत नाही, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पाटीवर डॉट इन वाचून लोक त्याच नावाच्या पत्त्यावर मेल करत होते आणि ते मेल परत येत होते. डॉट इनला एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी नोंद) देऊन ते मेल जुन्याच पेटीत आणले. उरलेल्या दोन नावांवर मेल येणारच नाही आणि त्यांच्या नावानं कुणी पाठवूही नये, अशा नोंदी घातल्या. त्यासाठी रिकामं एमएक्स आणि ‘या नावानं कुणालाच परवानगी नाही’ असं सांगणारं एसपीएफ पुरतं.

तिसरं नाव कुणाच्या खात्यात आहे ते विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. ते निघालं आधीच्या डिझायनरच्या खात्यात, त्याच्याच मोबाइल नंबरवर. माणूस भला, मागितल्यावर लगेच नाव आणि ट्रान्सफर कोड दिला. मालकाचं नाव बदललं की डॉट कॉमला बहुधा साठ दिवसांचं कुलूप लागतं, तेवढे दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. तोवर ते तिथंच राहिलं, फक्त आता ईमेल आणि नंबर दुकानाचा. सगळेच इतके सरळ नसतात. नाव ज्याच्या खात्यात ते त्याचं, पैसे कुणी का भरेना.

‘.भारत’चा उपयोग किती

वहिनींच्या देवनागरी नावाबद्दल थोडं. डीएनएसला रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच कळतं, म्हणून देवनागरी नाव आतून ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत बदलतं. सर्टिफिकेट, होस्टिंगचं पॅनेल, एचटीअ‍ॅक्सेस, सगळीकडे तेच रूप द्यावं लागतं. देवनागरी तसंच चिकटवून पाहिलं तर पॅनेल मुकाट्यानं नाकारतं. क्रोमच्या पट्टीत नाव टाकलं तर चालतं, पण तिथून पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की ती अगम्य अक्षरं उमटतात आणि बघणाऱ्याला ते व्हायरस वाटतं. आता रिडायरेक्टमुळे कॉपी करायची वेळ येते तोवर पत्ता जुन्या डॉट कॉमचाच झालेला असतो, त्यामुळे तो त्रास आपोआप गेला. त्या नावानं येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण कापडी पिशवीवर मराठीत छापलेला पत्ता दिसायला झोकात दिसतो, आणि तो खरंच चालतो. एवढ्यासाठी वर्षाचे काही शे रुपये जात असतील तर माझी ना नाही.

पुढचा महिना-दीड महिना गुगलमध्ये डॉट इनची पानं कमी होत गेली आणि त्यांच्या जागी मुख्य नावाची दिसू लागली. रिकाम्या कार्टची तक्रार ज्या दिवशी नियम लागला त्या दिवशीच थांबली. म्हापशाच्या बाईंना वहिनींनी स्वतः फोन करून सांगितलं. त्यांनी दोनाऐवजी तीन साड्या घेतल्या.

काकांनी हिशोब बघून तिसरं नाव यंदा सोडून द्यायचं म्हटलं, कारण ते कुठेच छापलेलं नाही. वहिनींनी व्हॉट्सअ‍ॅपची जुनी ब्रॉडकास्ट काढून दाखवली: दोन दिवाळ्यांच्या ऑफर त्याच नावाच्या लिंकनं गेल्या होत्या. मुदत संपलेलं डॉट कॉम आधी थोडे दिवस सवलतीत राहतं, मग तीस दिवस जादा दंड भरून सोडवता येतं, त्यानंतर पाच दिवसांनी बाजारात मोकळं होतं आणि कुणीही घेऊ शकतं. दुकानाच्या जुन्या लिंकांवर उद्या भलताच माल दिसला तर गिऱ्हाईक दुकानालाच बोलणार. काकांनी चारही नावांची मुदत एकाच महिन्यात आणायला सांगितली आणि तिसऱ्याचे पुढच्या पाच वर्षांचे पैसे भरून टाकले.